सिक्युरिटी प्लस नागपूर सोडण्याआधीच दे

तू विचारलंस, "ताई, मिहानमध्ये सपोर्टची नोकरी करून राहिलो, सप्टेंबरात जर्मनीला यायचं आहे. सिक्युरिटी प्लस घरच्या अभ्यासावर निघेल का, की तिकडे येऊन क्लास लावू?"

सायबर सुरक्षेचं हे प्रमाणपत्र घरच्या अभ्यासावर निघेल, आणि इकडे यायच्या आधीच काढ. म्युनिकला माझे पहिले सहा महिने घर शोधण्यात, पत्त्याच्या नोंदणीत आणि जर्मनच्या वर्गात गेले. पुस्तक उघडलं नाही. शिवाय परीक्षेचं व्हाउचर, म्हणजे आधी पैसे भरून घेतलेला कोड, ज्या देशासाठी किंवा भागासाठी घेतलं तिथेच चालतं.

2023 च्या नोव्हेंबरात आलेली एसवाय-झिरो 701 ही परीक्षेची आवृत्ती घे. 90 मिनिटं, जास्तीत जास्त 90 प्रश्न. 100 ते 900 च्या मापावर 750 लागतात. ते टक्के समजू नकोस. सर्वाधिक वजन, 28 टक्के, सिक्युरिटी ऑपरेशन्सला, म्हणजे सुरक्षेच्या रोजच्या कामाला आहे, आणि तिथेच तुझी नोकरी कामाची. अकाउंट लॉक झाल्याचं, संशयास्पद मेलचं तिकीट रोज येतंच ना? रात्री त्यातलं एक वहीत उतरव: कोणता लॉग (संगणकाने ठेवलेली नोंद) पाहिला असता, आधी काय थांबवलं असतं, पुन्हा होऊ नये म्हणून काय लावलं असतं. माझ्या अशा दोन वह्या भरल्या. परीक्षेत तर उपयोग झालाच, पण इथल्या मुलाखतीतही मला नेमकं हेच विचारलं.

व्हिडिओसाठी प्रोफेसर मेसरची मोफत मालिका पुरते. पण नुसतं ऐकू नकोस. व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरवर दोन आभासी मशीन उभी कर, एकावरून दुसऱ्यावर आधी टेलनेट या जुन्या, उघड्या पद्धतीने लॉगिन कर, मग एसएसएच या सांकेतिक पद्धतीने, आणि नेटवर्कवरून काय जातं ते वायरशार्कमध्ये बघ. टेलनेटमध्ये तुझा पासवर्ड अक्षर न् अक्षर दिसेल. त्यानंतर टेलनेटचा पोर्ट 23 आणि एसएसएचचा 22 पाठ करावे लागत नाहीत. सराव चाचणीत उरलेले तीन पर्याय का चूक, तेही लिही. बाजारातले फुटलेले प्रश्न घेऊ नकोस. सापडलास तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं.

उन्हाळ्यात दुपारी अभ्यासाची आशा धरू नकोस. रामदासपेठेतल्या आमच्या वरच्या मजल्यावर कूलरच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही, म्हणून मी पहाटे पाच ते सात बसायचे. आणि परीक्षा केंद्रावरच दे. मी पहिल्यांदा घरून दिली, मध्येच लाईन गेली, राऊटर बंद पडला, पेपर तिथेच संपला. त्या दिवशी मी फार रडले.

सिम्युलेशनचे, म्हणजे पडद्यावर प्रत्यक्ष काम करून दाखवायचे प्रश्न बहुधा सुरुवातीलाच येतात. खूण करून पुढे जा, शेवटी त्यांच्याकडे ये.

फक्त या प्रमाणपत्रावर व्हिसा मिळत नाही, तेव्हा जर्मन सोडू नकोस. आणि एक काम आजच कर: परीक्षा घेणाऱ्या पिअर्सन व्ह्यूच्या खात्यात नाव पासपोर्टवर आहे तसंच टाक. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं नाव असतं आणि खात्यात आपण ते गाळतो. नाव जुळलं नाही तर केंद्रावरून परत पाठवतात.