पाच स्वरांचे मुक्काम

अंबाजोगाई

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

गिटारवर ब्लूज वाजवून तू पाठवलेले ११ मिनिटांचे ध्वनिमुद्रण मी तीन वेळा ऐकले आणि तिसऱ्यांदा तर कागद-पेन्सिल घेऊनच बसलो. पेंटाटॉनिकचे, म्हणजे पाच स्वरांच्या मालेचे, पाचही बॉक्स (गिटारच्या मानेवरचे बोटांचे ठरलेले आकार) पाठ आहेत, मेट्रोनोमवर वेगही चांगला आला आहे, तरीही वाजवलेले गाणे वाटत नाही, जिना चढल्या-उतरल्यासारखे वाटते, असे तू लिहिले आहेस. तुझ्या कानाने बरोबर ओळखले आहे. असे का होते ते मी सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखा नाही.

आधी कागदावर काय टिपले ते सांगतो. तुझा बॅकिंग ट्रॅक, म्हणजे मागे वाजणारी तयार साथ, मिनिटाला ८० मात्रांचा आहे. एक बार चार मात्रांचा, त्यामुळे १२ बारचे एक आवर्तन ४८ मात्रांचे, म्हणजे ३६ सेकंदांचे होते, आणि ११ मिनिटांत अशी १८ आवर्तने बसतात. या १८ आवर्तनांत एका मात्रेपेक्षा जास्त वेळ तू एकदाही थांबलेली नाहीस. दुसरी नोंद याहून महत्त्वाची आहे. तुझा जवळजवळ प्रत्येक तुकडा बॉक्सच्या कडेला जाऊन संपतो. पहिल्या तारेचा आठवा फ्रेट (मानेवरचा पडदा) आला की पुढे वाट नाही म्हणून तू परत फिरतेस, सहाव्या तारेचा पाचवा आला की पुन्हा वर वळतेस. कुठे थांबायचे हे बोटांच्या सोयीने ठरते आहे आणि कानाला त्यात काही विचारलेलेच नाही.

तू लहानपणी गाणे शिकली आहेस, म्हणून हे तुला आपल्या भाषेत सांगता येते. भूप आणि देशकार या दोन रागांचे स्वर एकच आहेत: सा, रे, ग, प, ध. तरीही संध्याकाळचा भूप आणि सकाळचा देशकार यांची गल्लत जाणकार श्रोता करत नाही, कारण भूप गंधारावर विसावतो आणि देशकारात धैवताचे राज्य असते. स्वर तेच, पण मुक्काम बदलले आणि राग बदलला. तू आता ज्या ए मायनर पेंटाटॉनिकमध्ये वाजवते आहेस, त्यात ए हा षड्ज धरला तर सी हा कोमल गंधार, डी मध्यम, ई पंचम आणि जी कोमल निषाद होतो. हे धानी रागाचे स्वर झाले. मात्र ब्लूज म्हणजे धानी, असे समजून बसू नकोस. धानीच्या खाली तानपुऱ्याचा एकच षड्ज अखंड असतो, ब्लूजमध्ये पायाखालची कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा स्वरांचा गट, बदलत राहते. सगळी गोम इथेच आहे आणि पेंटाटॉनिकचे तक्ते पाठ करून घेणारे शिक्षक नेमके हेच सांगायचे राहून जातात.

ए हा षड्ज धरलेल्या ब्लूजमध्ये तीन कॉर्ड येतात. पहिले चार बार ए सेव्हन, मग दोन बार डी सेव्हन, पुन्हा दोन बार ए सेव्हन, नवव्या बारला ई सेव्हन, दहाव्याला डी सेव्हन आणि शेवटचे दोन बार पुन्हा घरी, ए सेव्हनवर. (तुझ्या ट्रॅकमध्ये शेवटच्या बारला पुन्हा ई सेव्हन येते, तेही चालते.) आता तिसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा सी घे आणि तो या तिन्ही कॉर्डवर धरून बघ. ए सेव्हनच्या पोटात सी शार्प, म्हणजे शुद्ध गंधार आहे, त्यामुळे तुझा कोमल गंधार त्याला घासतो आणि त्या घासण्यात एक गोड दुखरेपणा येतो. डी सेव्हन आली की तोच सी तिच्या घरचा माणूस होतो, कारण डी, एफ शार्प, ए आणि सी हेच तिचे चार स्वर आहेत. ई सेव्हनवर मात्र तो तिच्यातल्या बी या स्वराच्या डोक्यावर अर्ध्या स्वराने उभा राहतो आणि तिथे त्याला बसायला जागा सापडत नाही. बोट हललेले नाही, फ्रेट बदललेला नाही, तरी एकाच स्वराने तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. पाच स्वरांची तिन्ही कॉर्डवरची अशी १५ नाती आहेत. ती वहीत लिहून पाठ करू नकोस. एकेक स्वर ट्रॅकवर लांब धरून कानाने ओळखून घे. याला आठवडाभर लागेल आणि तो आठवडा सत्कारणी लागेल.

त्यानंतर तीनच स्वर ठेव: चौथ्या तारेच्या सातव्या फ्रेटवरचा ए, तिसऱ्या तारेच्या पाचव्यावरचा सी आणि सातव्यावरचा डी. ए सेव्हनवर एवर विसाव, डी सेव्हन आली की सी किंवा डीवर थांब, ई सेव्हनच्या एका बारला डीवर ये, कारण डी हा त्या कॉर्डचा कोमल निषाद आहे. मधे काय वाजवायचे ते तुझे तू ठरव, पण कॉर्ड बदलते त्या मात्रेला योग्य जागी पोहोचायचे, जसे तबल्याच्या समेवर येतो तसे. तीन स्वरांत पाच आवर्तने कंटाळा न येता वाजवता आली, की चौथा स्वर घे. मी स्वतः या वाटेने गेलो नाही. विशीत मी दोन वर्षे केवळ वेगासाठी घालवली, त्या दोन वर्षांत हात तयार झाला आणि कान होता तिथेच राहिला. तो मागे पडलेला कान पुढे आणायला मला फार काळ लागला, म्हणून तुला इतक्या आग्रहाने लिहितो आहे.

आता थांबण्याविषयी. आमचे घर गंगाखेडचे, जनाबाईंच्या गावचे. पहाटे माझी आई जात्यावर बसायची तेव्हा मी शेजारी गोधडीत पडून ऐकत असे. ती ओवीचा एक चरण म्हणायची, मग उजवा हात खुंटा ओढत राहायचा आणि डाव्या हाताने ती मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडात सोडायची. तेवढा वेळ ओवी थांबलेली असायची, पण जात्याची घरघर चालूच राहायची. मूठ रिकामी झाली की दुसरा चरण यायचा, आणि तो पहिल्याला उत्तर दिल्यासारखा यायचा. त्या मधल्या जागेत मी पहिला चरण मनात पुन्हा म्हणत असे. पुष्कळ वर्षांनी ब्लूज नीट ऐकू लागलो तेव्हा मला हीच जागा तिथे सापडली. ब्लूजच्या गाण्यात बहुधा तीन ओळी असतात, त्यांपैकी पहिली ओळ दोनदा येते आणि तिसरी तिचा उलगडा करते. प्रत्येक ओळीला चार बार मिळतात, त्यांतले साधारण दोन बार गाण्याचे आणि उरलेले दोन वाद्याच्या उत्तराचे. भजनात बुवा चरण म्हणतात आणि टाळकरी तो उचलून धरतात, हे तू दर एकादशीला ऐकतेस. तुझ्या गिटारमध्ये बुवाही तूच आहेस आणि टाळकरीही तूच. एक तुकडा विचारणारा असू दे, मग जात्यात मूठ पडू दे, मग उत्तर दे. उत्तरात पहिल्या तुकड्यातले काहीतरी राहायला हवे: तीच लय आणि वेगळा शेवट, किंवा तोच शेवट आणि वेगळी सुरुवात.

या संगीताची जन्मभूमी अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याचा डेल्टा, आणि तोही आपल्यासारखा कापसाचाच मुलूख. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, पण तिथल्या काळ्या शेतमजुरांना बटाईने जमीन कसावी लागली आणि हंगामाअखेर हिशेब मांडला की बहुधा कर्जच बाकी निघत असे. वेचणी करताना घातलेल्या आरोळ्या, कामाची गाणी आणि चर्चमधली भजने यांतून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला ब्लूज आकाराला आला. मानवतच्या बाजारात कापसाच्या गाड्या रांगेत उभ्या असलेल्या तू पाहिल्या आहेस आणि कर्ज हा शब्द घरात कोणत्या आवाजात उच्चारला जातो हेही तुला माहीत आहे. म्हणून त्यांचे दुःख आपले झाले असे मी म्हणणार नाही. गुलामगिरीची जखम वेगळी आहे आणि तिचा मान राखूनच हे संगीत वाजवायला हवे. पण गाणारा माणूस ओळीनंतर का थांबतो, हे समजायला तुला परके वाटू नये.

ब्लूजचे गायक-गिटारवादक बी. बी. किंग यांना ऐक. १९२५ साली त्याच मुलखात जन्मलेल्या या माणसाने कापूस वेचला होता आणि ट्रॅक्टरही चालवला होता. १९६४ मध्ये शिकागोच्या रीगल थिएटरमध्ये झालेल्या त्यांच्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण सहज मिळते. त्यात ते गातात तेव्हा गिटार गप्प असते आणि गिटार बोलते तेव्हा ते गप्प असतात. पहिल्यांदा ऐकताना फक्त त्यांच्या थांबण्याच्या जागा मोज. दुसऱ्यांदा प्रत्येक तुकड्याचा शेवटचा स्वर कोणता आणि त्या वेळी खाली कॉर्ड कोणती, ते बघ. लिक, म्हणजे त्यांचे वाजवलेले छोटे तुकडे, उतरवून घेण्याची घाई करू नकोस.

त्यांचा व्हायब्रेटोही, म्हणजे स्वराला दिलेला कंपही, समजून घे. बुका व्हाइट या नातलगाच्या स्लाइडचा (तारेवरून सरकवायच्या नळीचा) आवाज त्यांना फार आवडे. स्लाइड हातात बसेना, म्हणून त्यांनी नुसत्या बोटाने तो कंप काढण्याचा ध्यास घेतला. बोट तारेवर रोवलेले, अंगठा मानेपासून सुटलेला आणि मनगटातून येणारे हलके आंदोलन, असा तो हात दिसतो. तुझा व्हायब्रेटो स्वर लागताक्षणी सुरू होतो आणि घाबरल्यासारखा थरथरतो. आधी स्वर सरळ लागू दे, क्षणभर उभा राहू दे, मग त्याला सावकाश झुलव.

बेंडविषयी, म्हणजे तार ओढून स्वर चढवण्याविषयी, दोनच गोष्टी सांगतो, पण त्या रोजच्या आहेत. तिसऱ्या तारेच्या सातव्या फ्रेटवरचा डी ओढून ई करताना तिसऱ्या बोटामागे पहिली दोन्ही बोटे त्याच तारेवर आधाराला ठेव, अंगठा मानेवरून वर येऊ दे आणि कुलपात किल्ली फिरवावी तसे मनगट फिरव. नुसत्या बोटाच्या जोराने ओढशील तर बोटही दुखेल आणि स्वरही अर्धवट राहील. आता दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर हाच ई तयार आहे. पहिल्या बोटाने तो धरून दोन्ही तारा एकदम छेड आणि तिसरी हळूहळू चढव. दोन स्वर जवळ आले की आवाजात लाटा उठतात, त्या संथ होत जातात आणि स्वर मिळाला की शांत होतात. तानपुरा लावताना ऐकलेलीच ही गोष्ट आहे. तुझ्या ध्वनिमुद्रणात हा बेंड २० वेळा आला असेल तर त्यांतले १२ कमी पडलेले आहेत. कमी पडलेला बेंड ऐकणाऱ्याला खुपतो, मग बाकीचे कितीही सफाईदार असो.

दुसरी गोष्ट गंधाराची. ए सेव्हनवर कोमल गंधार अगदी कोरडा वाजवू नये आणि पूर्ण शुद्ध गंधारापर्यंतही नेऊ नये. तिसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर पहिले बोट ठेव आणि तार जमिनीच्या दिशेने जेमतेम ओढ, इतकी की फ्रेटवरून ती हललेली पाहणाऱ्याला कळूही नये. दोन गंधारांच्या मधली ही श्रुती ब्लूजचा प्राण आहे. ती पियानोच्या पट्टीवर नाही, पेटीवरही नाही. गळ्यात आहे आणि तुझ्या तारेत आहे. म्हणून ती आधी गाऊन शोध. तुला गळा आहे आणि या वाद्यासाठी तू तो अजून वापरलेला नाहीस, याचे मला फार आश्चर्य वाटले. यापुढे गाता न येणारा एकही तुकडा वाजवायचा नाही, असे तीन महिने ठरवून टाक. गाताना श्वास संपतो तिथे तुकडा संपेल आणि मी वर ज्या न थांबण्याची तक्रार केली ती निम्मी आपोआप मिटेल.

शुद्ध गंधाराचे मेजर पेंटाटॉनिक कधी मिसळायचे, हेही तू विचारले होतेस. तोच आकार तीन फ्रेट खाली आणला की ते हाताला लागते, ए सेव्हनवर ते उजळ वाटते, पण डी सेव्हनवर त्यातला सी शार्प कॉर्डमधल्या सीशी भांडतो. ते पुढच्या वर्षी बघू.

संध्याकाळी वीज जाते आणि ॲम्प बंद पडतो म्हणून सराव बुडतो, असे तू लिहिलेस. त्या वेळेचा उपयोग कर. ॲम्पशिवाय इलेक्ट्रिक गिटारचा आवाज लहान आणि अल्पायुषी असतो, त्यामुळे प्रत्येक स्वर किती टिकतो आणि कुठे विझतो हे कानाला स्पष्ट कळते. अंधारात बॉक्सही दिसत नाही, हे आणखी चांगले. पायाने ठेका धर, एका मात्रेचे तीन भाग मनात मोज, त्यांतले पहिले दोन जोडून शफल चालू ठेव आणि वर तेच तीन स्वर गात-वाजवत राहा.

पुढचे ध्वनिमुद्रण ११ मिनिटांचे नको. तीन आवर्तने पुरेत, म्हणजे १०८ सेकंद. पहिले आवर्तन नुसते गा, दुसऱ्यात एक ओळ गा आणि उत्तर गिटारवर दे, तिसरे फक्त गिटारवर. दिवाळीत आजोळी येशील तेव्हा गिटार बरोबर आण, कॉर्ड मी धरीन. तुझ्या तिसऱ्या तारेला पाचव्या फ्रेटवर गंज धरल्याचा खरखरीत आवाज ध्वनिमुद्रणातही येतो आहे, तेवढी तार आधी बदलून घे.

तुझे
सर