जर्मनचं भांडं, पण खऱ्या चांदीचं

प्रश्न : मुलीकडे जर्मनीला गेले होते. न्यूरेंबर्गच्या एका संग्रहालयात चक्क नारळाची करवंटी चांदीत मढवून ठेवलेली पाहिली. खाली उंच पाय, वर झाकण, पाटीवर सोळावं शतक. आम्ही करवंट्या बंबात घालतो. तिथे तिला एवढा मान कशासाठी?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, आमच्या घरी ‘जर्मनचं पातेलं’ म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं. त्यामुळे जर्मन चांदी म्हटल्यावर पूर्वी मलाही हसू यायचं. पण त्या काळी न्यूरेंबर्ग आणि ऑग्सबर्गच्या सोनारांचा हात धरणारे युरोपात फार थोडे होते. त्यांच्या मालावर शहराचा बारीक ठसा असे. न्यूरेंबर्गचा ‘एन’ हे अक्षर, ऑग्सबर्गचा पाइनचं बोंड.

तुम्ही पाहिलात तो मद्याचा पेला. नारळ तिकडे पिकत नाही, एवढं एकच कारण मानाला पुरेसं होतं. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला त्याच्या कितीतरी आधीपासून नारळ व्यापाऱ्यांच्या हातून युरोपात पोचत होते. लॅटिनमध्ये त्याचं नावच ‘नुक्स इंडिका’, म्हणजे हिंदुस्थानातलं कवचीचं फळ. करवंटी घासून गुळगुळीत करायची, तिच्यावर बायबलातले प्रसंग कोरायचे. कधी त्यात दारू पिऊन लवंडलेला नोआसुद्धा! पेल्यावरच असा इशारा देणाऱ्याची मला गंमत वाटते.

दुसरं कारण विषाचं. करवंटीतून प्यायलं की विष बाधत नाही, अशी तिकडे समजूत होती. आपण तरी कुठे मागे होतो? सेशेल्स बेटांवरच्या जोडनारळाला आपल्याकडे ‘जहरी नारळ’ म्हणतात, म्हणजे विषावरचा उतारा. त्याचं झाड १७६८ पर्यंत बाहेरच्या कुणी पाहिलेलं नव्हतं, फळं मालदीवच्या किनाऱ्याला वाहून येत. ऑग्सबर्गहून प्रागच्या दरबारी गेलेल्या आंतोन श्वाइनबर्गरनं १६०२ मध्ये त्याच्या अर्ध्या कवचीची सुरई सम्राट दुसऱ्या रुडॉल्फसाठी घडवली. ती आज व्हिएन्नात आहे.

पण मला सगळ्यात भावते ती जोडणी. माझे वडील सोनार. एकदा एक गिऱ्हाईक एकाक्षी नारळ मढवायला घेऊन आलं. वडिलांनी चांदीची पट्टी नारळावर बसवून तिथेच डाग द्यायला, म्हणजे सांधा जोडायला, फुंकणी लावली. क्षणात करवंटीचा वास सुटला आणि बोटभर जागा काळी पडली. नारळ देवघरातला, गिऱ्हाईक तोंड फिरवून गेलं. आठवडाभर वडील त्या शेगडीकडे बघत नव्हते.

जर्मन सोनार ही चूक करत नसे. तो वरचा काठ, खालचा पाय आणि उभ्या पट्ट्या, बहुधा तीन, आधी वेगळ्या घडवी. सोन्याचा मुलामाही तेव्हाच. करवंटी सगळ्यात शेवटी मध्ये बसे, आणि पट्ट्या बिजागरीनं किंवा खिळीनं आवळल्या की झालं. विस्तवाचा आणि तिचा संबंधच येत नाही.

पुन्हा गेलात तर पट्टी वरच्या काठाला मिळते तिथे बघा. मुगाच्या दाण्याएवढी खीळ दिसते का ते मला जरूर कळवा.