वाचकांचे प्रश्न : बिशप विल्यम ऑफ विकम

प्रश्न : विल्यम ऑफ विकम ना सरदार घराण्यातला, ना विद्यापीठात शिकलेला. मग तो इंग्लंडमधल्या विंचेस्टरसारख्या श्रीमंत धर्मप्रांताचा बिशप कसा झाला?

उत्तर : राजाच्या नोकरीमुळे. १३५६ मध्ये विंडसर किल्ल्याच्या बांधकामाची देखरेख त्याच्याकडे आली आणि १३६३ मध्ये राजाची खासगी मुद्रा (पत्रांवर उमटवायचा शिक्का) सांभाळण्याचे काम. राजा तिसरा एडवर्ड अशा कारभाऱ्यांना खजिन्यातून पैसे देण्याऐवजी चर्चमधली पदे देई. उत्पन्न कारभाऱ्याचे, पूजाअर्चा बदली पाद्र्याकडे. एकेकाकडे अशी अनेक पदे साठत. विकमकडेही साठली होती.

ऑक्टोबर १३६६ मध्ये विंचेस्टरचा आधीचा बिशप एडिंग्टन वारला. राजाच्या इच्छेप्रमाणे कॅथेड्रलच्या, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चच्या, मठवाशांनी विकमची निवड केली, पण तेवढ्याने भागत नसे. आधी पोपची नेमणूक, मग दीक्षाविधी, आणि जमिनींचा ताबा राजाकडून. गाडे अडले ते पोपकडे. पाचव्या अर्बनने आधी त्याला नुसता प्रशासक केले आणि नेमणूक जुलै १३६७ पर्यंत लांबवली. दीक्षा १० ऑक्टोबरला झाली. त्याआधीच, सप्टेंबरात, तो चॅन्सेलर, म्हणजे राजाचा मुख्य कारभारी, झाला होता.

प्रश्न : १३७६ मध्ये त्याच्या जमिनी जप्त झाल्या, तरी बिशपपद शाबूत राहिले. हे कसे?

उत्तर : बिशपच्या हाती दोन वेगळ्या गोष्टी असत. दीक्षा देणे, धर्मन्यायालय चालवणे हा धार्मिक अधिकार; त्याला राजा हात लावू शकत नसे. जहागिरी मात्र राजाकडून मिळालेल्या, म्हणून राजा त्या काढून घेऊ शकत असे. त्या वर्षीच्या पार्लमेंटात राजाच्या दरबारातल्या लॉर्ड लॅटिमरवर खटला झाला, तेव्हा विकमने कठोर भूमिका घेतली. पार्लमेंट उठल्यावर राजपुत्र जॉन ऑफ गाँटच्या गटाने त्याच्याच चॅन्सेलरकीचा हिशेब मागितला. आरोप बरेच होते. ठपका बसला तो एकाचा दंड कमी केल्याबद्दल. जमिनी गेल्या, दरबाराच्या २० मैलांच्या आत येण्याचीही बंदी झाली. जून १३७७ मध्ये जमिनी परत मिळाल्या. आमच्या मते ही शिक्षा गुन्ह्यापेक्षा राजकारणाची होती.

प्रश्न : त्याने शाळा आणि कॉलेज अशी जोडी का उभारली?

उत्तर : १३४८-४९ च्या प्लेगनंतर शिकलेले पाद्री कमी पडत होते. ऑक्सफर्डचे न्यू कॉलेज त्याने १३७९ मध्ये स्थापले. पण लॅटिन कच्चे असलेला मुलगा तिथे टिकणार कसा? म्हणून १३८२ मध्ये विंचेस्टरच्या शाळेची सनद केली. शाळेत ७० विद्यार्थी, कॉलेजातही ७०. व्याकरण इथे पक्के करायचे, मग ऑक्सफर्डला जायचे. खर्च दरसाल चालावा म्हणून दोन्ही संस्थांच्या नावे जमिनी लावून दिल्या. सहाव्या हेन्रीने १४४० मध्ये ईटनची शाळा स्थापताना हाच नमुना घेतला.

प्रश्न : विंचेस्टर कॅथेड्रलचे खांब एवढे जाड का?

उत्तर : विकमने १३९४ पासून मुख्य दालन बदलायला घेतले, पण आधीचे, नॉर्मन राजवटीतले जाड खांब पाडले नाहीत. गवंडी विल्यम विनफर्डच्या माणसांनी काही खांबांचा जुना दगडच छिन्नीने तासून नव्या घडणीचा केला, तर काहींवर नवा दगड चढवला. आतला गाभा अजून नॉर्मनच आहे. विकम १४०४ मध्ये वारला. त्याची समाधी याच दालनात, दोन खांबांच्या मध्ये आहे.