सूज जबड्याखाली उतरली असेल तर दातांचा डॉक्टर शोधत बसू नका

तुम्ही विचारलंय की सांगलीत शनिवारी रात्री दातांचा डॉक्टर कुठे मिळेल. खालची शेवटची दाढ काही दिवस ठणकतेय, आज गाल सुजलाय, आणि घरचे म्हणतात सोमवारपर्यंत गोळ्यांवर काढ. ते घरच्यांचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही.

सोमवारपर्यंत काढू नका. तोंड नीट उघडत असेल, गिळता येत असेल, ताप नसेल, तर फार तर सकाळपर्यंत थांबा आणि ओळखीच्या डेंटिस्टला फोन करून रविवारी दवाखाना उघडायला लावा, बरेच जण उघडतात. पण सूज गालावरून हनुवटीखाली उतरली असेल, तोंड उघडेनासं झालं असेल, थुंकी गिळताना त्रास होत असेल, तर डेंटिस्टचा नंबर शोधण्यात वेळ घालवू नका. तो दवाखान्यातल्या खुर्चीवर बसवून करायचा इलाज राहिलेला नसतो. सरळ मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठा.

आमच्या दादाचं सांगतो. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. माल तोडणीला आला होता, व्यापारी रोज दारात, आणि दादाची उजवीकडची खालची दाढ ठणकायला लागली. एवढी तोडणी उरकू दे, मग दाखवतो, असं त्याचं चाललेलं. मेडिकलमधून पुडी आणायची, एक अँटिबायोटिक, एक दुखायची, एक पित्ताची. ठणका थांबला की बंद, परत उठला की परत पुडी. त्याला शुगर आहे. मेडिकलवाल्याने विचारलं नाही आणि दादाने सांगितलं नाही. वहिनी एकटी रोज म्हणायची, एकदा दाखवून तरी या.

एका संध्याकाळी गाल सुजला. रात्री जेवायला बसला तर तोंड जेमतेम एक बोट जाईल एवढंच उघडत होतं. सूज हनुवटीखाली दोन्हीकडे पसरलेली आणि हात लावला तर लाकडासारखी कडक. जीभ वर उचललेली दिसत होती, शब्द नीट फुटत नव्हते. थुंकी गिळता येईना म्हणून टॉवेल तोंडाशी धरून भिंतीला टेकून बसलेला, आडवा झाला की कासावीस व्हायचा.

घरातले कर्ते आमचे चुलते, तात्या. ते म्हणाले, "दातापायी कुणी मेलंय व्हय रं? हळद लावा, शेक द्या, सकाळच्याला बघू." मी गाडीची किल्ली उचलली तर, "उद्या दोन टेम्पो भरायचेत आणि रात्रीचं कुठं पळतोस?" मी म्हणालो, "तात्या, त्याला श्वास पुरेना झालाय, तुम्हाला दिसत नाही का?" त्यांच्यापुढे आवाज चढवून आजवर मी तेवढंच एकदा बोललोय, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

सांगलीतल्या पहिल्या खाजगी हॉस्पिटलात ड्युटीवरच्या माणसाने "दाताचं ना? डेंटिस्ट सकाळी येतात" असं म्हणून एक इंजेक्शन देऊन परत पाठवायला बघितलं. मी तिथे थांबलोच नाही, गाडी मिरजेला घेतली. मिरजेच्या डॉक्टरांनी दादाच्या हनुवटीखाली एकदा हात लावला, तोंड उघडायला सांगितलं, आणि पहिला फोन केला तो भूलतज्ज्ञांना. तोंड उघडत नाही आणि जीभ वर आलेली, त्यामुळे श्वासाची नळी नेहमीसारखी घालता येत नव्हती. दादा जागा असतानाच दुर्बिणीने नाकावाटे नळी घातली, आणि ती गेली नाही तर गळ्याला छेद द्यायची तयारी शेजारी ठेवलेली. मग जबड्याखाली चिरा देऊन पू काढला, दाढ उपटली, आयसीयूत ठेवलं. दादा वाचला.

याला लुडविग्ज अँजायना म्हणतात. जर्मनीच्या लुडविग नावाच्या डॉक्टरने 1836 मध्ये याचं वर्णन केलंय. अँटिबायोटिक्स निघायच्या आधी हा झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसं दगावायची, बरीचशी श्वास कोंडून. तेव्हा तात्या, दातापायी माणसं मेलीत, आणि पुष्कळ मेलीत.

तात्या अजून लग्नाकार्यात चारचौघांत सांगतात की जरा भारी गोळ्या दिल्या असत्या तरी सूज उतरली असती, डॉक्टरांनी बिलासाठी पोराचा गळा फाडला. प्रश्न तुमचा आहे, पण याचं उत्तर इथेच देतो, कारण तुमच्याही घरात एखादे तात्या दिसतायत. खालच्या मागच्या दोन दाढांची मुळं जबड्याच्या आतल्या बाजूला तोंडाच्या तळाचा जो स्नायू असतो, त्याच्याही खाली गेलेली असतात. तिथे पू झाला की तो हिरडीवर फोड होऊन बाहेर पडायच्या ऐवजी जबड्याखाली आणि मग जिभेखाली, गळ्याकडे पसरतो. साठलेल्या पुवाच्या आत औषध रक्तातून पुरेसं पोचतच नाही. पू काढायचा आणि ज्या दाढेतून तो आला तिचा बंदोबस्त करायचा, रूट कॅनल करा नाहीतर उपटा. अँटिबायोटिक याच्या जोडीला असतं, याच्या ऐवजी नसतं. पुडीने ठणका थांबतो तो बऱ्याचदा दाढेतली नस मेल्यामुळे, आणि घरात सगळ्यांना वाटतं बरं झालं. शुगर असली की हे सगळं आणखी झपाट्याने वाढतं.

आता कुठे जायचं ते. सांगलीचं सिव्हिल, म्हणजे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, आणि मिरजेचं मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, दोन्हीकडे कॅज्युअल्टी रात्रभर चालू असते. गाडी नसेल तर 108 लावा. दारात "दात दुखतोय" असं सांगू नका. "सूज गळ्यापर्यंत आलीय, गिळता येत नाही" असं सांगा, म्हणजे दारातून परत पाठवणार नाहीत. डेंटल कॉलेजं दोन आहेत, सांगली-मिरज रोडवर वानलेसवाडीत भारती विद्यापीठाचं आणि कवलापूरला वसंतदादा पाटलांच्या नावाचं. साध्या दाढदुखीला दिवसा तिथे जा, पैसेही कमी लागतात.

सगळ्याच सुजा अशा नसतात, हेही सांगायला हवं. वरच्या दाढेची गालावरची मऊ सूज बहुतेक वेळा डेंटिस्टच बघतो, फक्त ती डोळ्याकडे चढून डोळा मिटायला लागला तर हॉस्पिटल. रात्रीपुरती पॅरासिटामॉल चालते, पण ब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक किडनीचा त्रास, पोटात अल्सर किंवा रक्त पातळ व्हायच्या गोळ्या असणाऱ्याने विचारल्याशिवाय घेऊ नये. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवतात, त्याने हिरडी भाजते. मिसरी लावूनही काही फायदा होत नाही.

आणि निघताना पेशंटला काही खायला-प्यायला देऊ नका. आमच्याकडे तात्यांनी वहिनीला "उपाशी जाऊ नको म्हणावं" म्हणून दूध पाजायला लावलं होतं, चमच्याने. भूलतज्ज्ञांचा पहिला प्रश्न तोच होता, शेवटचं काय आणि किती वाजता घेतलं. शुगरचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या.