लेसर म्हणजे नेमकं कोणतं, ते आधी विचारा

प्रश्न : डॉक्टर, वय ४८, जिंतूर तालुक्यात राहतो, ट्रॅक्टर चालवतो. आठ महिन्यांपासून संडासच्या वेळेला रक्त पडायलंय, कोंब बाहेर येतो अन् बोटानं आत सारावा लागतो. परभणीला जाताना रोडवर बोर्ड दिसायला, सोनोग्राफीवर बघून लेसर, कापणं नाही, भूल नाही, संध्याकाळी घरी. खरं हाय का? ठेचा सोडावा लागंल का?

उत्तर : दादा, तुमचं वर्णन मूळव्याधीचं वाटतं, आणि बोर्डवरचं खरंय पण अर्धंच, कारण मूळव्याधीच्या लेसर या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात आणि बोर्डवर त्या एकत्र करून टाकतात. पहिली डॉपलरवाली, म्हणजे सोनोग्राफीचीच बहीण समजा. अंगठ्याएवढ्या नळीतून बारीक प्रोब आत जातो, पडद्यावर चित्र वगैरे काही नसतं, नुसता आवाज येतो, रक्तवाहिनी सापडली की नाडीच्या ठेक्यावर सुस्स, सुस्स. मग त्याच जागी लेसरचा फायबर (प्रकाश नेणारी बारीक तार) धरून वाहिनी बंद करतात आणि आवाज थांबला की काम झालं, पुढची शोधायची. हे सगळं गुदद्वाराच्या आत, वरच्या भागात होतं, तिथं दुखण्याच्या नसाच नाहीत म्हणून बऱ्याचदा भुलीशिवाय जमतं. रक्ताचा पुरवठा तुटला की कोंब हळूहळू सुकतो.

दुसरी पद्धत म्हणजे फायबर थेट कोंबात घालून तो आतून आकसवायचा, यात डॉपलर लागतोच असं नाही, आणि भूल मात्र बहुतेक वेळा द्यावी लागते.

आता तुमचं. बोटानं सारावा लागतो म्हणजे तिसरी ग्रेड (आपोआप आत जातो ती दुसरी, जातच नाही ती चौथी). नुसती वाहिनी बंद करून तुमचा बाहेर येणारा कोंब वर जाईल याची मला फारशी खात्री वाटत नाही, डॉपलरची पद्धत रक्त पडणाऱ्या पण फार बाहेर न येणाऱ्या मूळव्याधीला जास्त बरी. तुम्हाला दुसरी पद्धत चालू शकेल, किंवा साधं कापायचं ऑपरेशन, जे १९३७ पासून चालत आलंय, त्यात दुखतं जास्त पण मूळव्याध परत होण्याचं प्रमाण लेसरपेक्षा कमी. हे बोर्डवाला सांगणार नाही.

पण त्याच्याही आधी दुर्बिणीनं आतून तपासणी करा, हिमोग्लोबिन बघा. ४८ व्या वर्षी आठ महिने रक्त जातंय तर ते मूळव्याधीचंच आहे असं धरून चालायचं नाही, वर आतड्यात गाठ असली तरी रक्त तसंच येतं. कोंबात इंजेक्शन मारणारे, क्षार लावणारे गावोगाव फिरतात, त्यांच्या नादी लागून जखम सडवून आलेला पेशंट मी बघितलाय.

ठेच्याचं म्हणाल तर मिरचीनं कोंब येत नाही, पण असलेल्याची आग होते, तेव्हा थोडे दिवस हात आखडता घ्या. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, भरपूर पाणी चालू ठेवा, आणि संडासात मोबाईल घेऊन बसत असाल तर तो बाहेर ठेवून जा.