जास्त शिकलं की जास्त मिळतं?

प्रश्न : धाकटा भाऊ दहावी नापास. गॅरेज चालवतो आणि माझ्यापेक्षा जास्त कमावतो. मी एम. ए., बी. एड. तरी ‘शिक्षणाच्या प्रत्येक वर्षामागे कमाई अमुक टक्के वाढते’ असं अर्थतज्ज्ञ छातीठोकपणे कशावरून सांगतात?
– एक शिक्षक, तासगाव

उत्तर : आधी भावाचा हिशेब नीट मांडा. गाळ्याचं भाडं, हत्यारांत अडकलेला पैसा, रविवारची मेहनत हे सगळं वजा करून उरेल ते तुमच्या पगाराशी ताडा. तरीही तो वरचढ ठरला तर ठरू दे. ते टक्के सरासरीचे असतात, त्यात तुमच्या भावासारखे पुष्कळ जण मावतात.

खरी मेख वेगळीच आहे. जास्त शिकतात ती पोरं बहुधा खाऊनपिऊन सुखी घरातली, नाहीतर मुळातच हुशार. ती न शिकताही चार पैसे जास्तच मिळवती. मग शाळेचा वाटा किती? चिठ्ठ्या टाकून निम्म्या पोरांना शाळेबाहेर ठेवून बघता तर येत नाही.

मला विचाराल तर यावरचं सर्वांत देखणं काम इंडोनेशियावरचं. १९७३ नंतर तेलाचा पैसा सरकारच्या हाती खुळखुळू लागला आणि पाच-सहा वर्षांत ६१ हजारांवर प्राथमिक शाळा बांधल्या गेल्या. जिथे मुलं शाळेत कमी जात, तिथे जास्त. पुढे २०१९चं नोबेल मिळालेल्या एस्तेर दुफ्लो यांनी २००१ साली त्यावर निबंध लिहिला. १९७४ साली बारा वर्षांचा असलेला मुलगा हुकला होता, त्याची प्राथमिक शाळेची वेळ टळली होती. त्याच भागातला चार वर्षांचा मात्र नेमका सापडला. या मोठ्या-धाकट्यांच्या पगारांतला फरक भरपूर शाळा मिळालेल्या जिल्ह्यांत काढायचा, मग कमी शाळा मिळालेल्या जिल्ह्यांत, आणि एकातून दुसरा वजा करायचा. वयाचा आणि काळाचा परिणाम दोन्हीकडे सारखाच, तो गळून पडतो. हुशारीचा घोळही उरत नाही, कारण शाळा कुठे उघडायची हे पोरांनी थोडंच ठरवलं होतं!

१९९५च्या पाहणीत ही पोरं कमावते पुरुष झालेली होती. शिक्षणाच्या एका जादा वर्षामागे वेतन ६.८ ते १०.६ टक्के वाढल्याचं निघालं. हा आकडा पगारदारांचा, तोही शाळा जवळ आली म्हणून चार बुकं जास्त शिकलेल्यांचा. एम. ए.च्या दोन वर्षांना तो जसाच्या तसा चिकटवू नका.