टेप निघाली, नोंद राहिली

प्रिय,

तुझं पत्र काल रात्री वाचलं आणि लगेच लिहायला बसलो, कारण यात उशीर करून चालणार नाही. विमान धुऊन झालं होतं, निघायला वीस मिनिटं होती, आणि स्टॅटिक पोर्टवर, म्हणजे उंची आणि वेग मोजण्यासाठी बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या भोकांवर, धुताना लावलेली टेप तशीच राहिलेली तुला दिसली. तू ती काढलीस. शिफ्टचे वरिष्ठ म्हणाले, "निघाली ना? मग विषय संपला." विमान वेळेवर गेलं. आता दुसऱ्या दिवशी तू विचारतेस, हे लिहायला हवं होतं का.

हवं होतं. आजच लिही.

टेपच्या बाबतीत मी जरा हळवा आहे. 2 ऑक्टोबर 1996 च्या मध्यरात्रीनंतर लिमाहून सँटियागोला निघालेल्या एरोपेरूच्या बोइंग 757 ला उड्डाणानंतर लगेच उंची आणि वेग दोन्ही चुकीचे दिसू लागले. साफसफाई करताना स्टॅटिक पोर्टवर लावलेली टेप तशीच राहिली होती. ती चंदेरी होती आणि तिच्याखालचा पत्राही चंदेरीच. तपासणीत ती दिसली नाही आणि उड्डाणापूर्वी विमानाला फेरी मारणाऱ्या वैमानिकालाही दिसली नाही. खाली काळा समुद्र होता आणि खरी उंची कुठूनच कळत नव्हती. 70 माणसं गेली. पुढे टेप लावणारा कामगार न्यायालयात दोषी ठरला. मला मात्र तेव्हापासून वेगळाच प्रश्न छळतो: त्याआधी किती वेळा, किती हँगरांत, कुणी ना कुणी अशी टेप ऐनवेळी पाहून काढली असेल आणि खिशात घालून घरी गेलं असेल?

वरिष्ठांचं म्हणणं एका विमानापुरतं खरं आहे. तुझ्या विमानाचा विषय संपला. पण टेप कोणत्या रंगाची होती, धुणाऱ्या माणसाच्या हातात कोणती यादी होती, पोर्ट उघडे झाले म्हणून सही कोण करतं, हे सगळं उद्याच्या विमानासाठी जसंच्या तसं शिल्लक आहे.

वैमानिकांचंही असंच झालेलं आहे. 1 डिसेंबर 1974 रोजी टीडब्ल्यूएचं 514 क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळाकडे उतरताना डोंगरावर आदळलं आणि 92 जण गेले. त्याच्या सहा आठवडे आधी दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकांनी तोच अ‍ॅप्रोच (उतरण्यासाठी खाली येण्याचा ठरलेला मार्ग) तसाच चुकीचा समजून घेतला होता आणि ते थोडक्यात वाचले होते. त्यांनी आपल्या कंपनीला सांगितलं, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. इथवर सगळं उत्तम! पण माहिती कंपनीच्या कुंपणाबाहेर गेली नाही. त्यानंतर 1976 मध्ये अमेरिकेत एएसआरएस (एव्हिएशन सेफ्टी रिपोर्टिंग सिस्टिम) ही रिपोर्टिंगची व्यवस्था सुरू झाली. ती चालवायला मुद्दाम नासाकडे दिली, कारण जो परवाना काढून घेऊ शकतो त्याच्यापाशी कुणी मन मोकळं करत नाही. लिहिणाऱ्याची ओळख पुसून टाकली जाते. चूक जाणूनबुजून केलेली नसेल, गुन्हा वा अपघात नसेल आणि दहा दिवसांत रिपोर्ट पाठवला असेल, तर सहसा दंड किंवा परवान्याचं निलंबन टळतं.

तुझ्याकडचा नियम तुमच्या मॅन्युअलमध्ये नीट वाच. युरोपात सक्तीच्या रिपोर्टसाठी 72 तास असतात. स्वेच्छेच्या रिपोर्टची वाटही बहुतेक ठिकाणी असते. टेपची गोष्ट यांपैकी कशात बसते हे ठरत नसेल तर सेफ्टीवाल्यांना ठरवू दे, तू लिहून मोकळी हो.

आता कसं लिहायचं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

28 ऑक्टोबर 2018 च्या रात्री लायन एअरचं एक 737 मॅक्स देनपसारहून जाकार्ताला आलं. वाटेत स्टिक शेकर (विमान हवेतला आधार गमावतंय असा इशारा द्यायला वैमानिकाची दांडी हलवणारं यंत्र) हलतच राहिला, नाक आपोआप खाली जाऊ लागलं. वैमानिकांनी स्टॅबिलायझर ट्रिमचे, म्हणजे शेपटीच्या आडव्या पंखाने नाक वर-खाली करणाऱ्या यंत्रणेचे, स्विच बंद केले आणि विमान सुखरूप आणलं. लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, मात्र लिहिलं ते एवढंच: वेग आणि उंची जुळत नाहीत, फील डिफरन्शियल प्रेशरचा (दांडीला जाणवणाऱ्या जोराच्या यंत्रणेतला) दिवा लागला. स्टिक शेकर नाही, ट्रिम नाही, बंद केलेले स्विच नाहीत. लॉगमध्ये जो स्नॅग (बिघाडाची नोंद) होता, त्यावरच इंजिनिअरने काम केलं: नळ्या फुंकून साफ केल्या, कनेक्टर पुसला, चाचणी घेतली, सही केली. मी असतो तरी बहुधा तेच केलं असतं. अँगल ऑफ अटॅकचा (पंख समोरच्या हवेला किती कोनात भिडतो ते मोजणारा) सेन्सर 21 अंशांनी चुकत होता आणि त्याच्याकडे बोट दाखवणारी ओळ लॉगमध्ये नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच विमान समुद्रात कोसळलं आणि 189 जण गेले. मूळ दोष विमानाच्या रचनेत होता, त्याचं ओझं त्या रात्रीच्या वैमानिकांवर टाकणं अन्याय होईल. पण न लिहिलेल्या गोष्टीही या अपघाताला हातभार लावून गेल्या, असं तपास अहवालात स्पष्ट म्हटलं आहे.

म्हणून निदान लिहू नकोस, पाहिलेलं लिही. "पंप खराब" हे तुझं मत झालं. दाब किती होता, कोणत्या टप्प्यात पडला, किती वेळ, परत आला का, तू कोणत्या स्विचला हात लावलास, ही माहिती झाली. हात लावलेलं तर आधी लिही, कारण माणूस नेमकं तेच गाळतो. आणि जमिनीवर तपासून काही सापडलं नाही, तर निव्वळ "नो फॉल्ट फाउंड" (दोष आढळला नाही) लिहून हात झटकू नकोस. काय तपासलं आणि काय तपासता आलं नाही ते लिही. थंडीत, कंपनात, उंचीवर येणारा दोष हँगरच्या उबेत दिसत नाही. तिसऱ्यांदा तोच स्नॅग आला की मागची पानं उलट.

काढलेला सुटा भाग फेकू नकोस, धुऊन चकचकीतही करू नकोस. टॅग लाव, सीरियल नंबर लिही, वेगळा ठेव. मोठी घटना असेल तर कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डरची काळजी घे. 5 जानेवारी 2024 ला अलास्का एअरलाइन्सच्या विमानाचा डोअर प्लग (न वापरलेल्या दाराची जागा बंद करणारा तुकडा) हवेत उडाला. त्यातला रेकॉर्डर दोन तासांचा होता, त्याची वीज तोडणारा ब्रेकर वेळेत ओढला गेला नाही आणि तपासणाऱ्यांना हवा असलेला आवाज पुसला गेला.

वरिष्ठ रागावतील, ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. कागदावर न्याय्य संस्कृती (प्रामाणिक चूक सांगणाऱ्याला शिक्षा नाही, हे तत्त्व) आणि शिफ्टमध्ये टोमणे, असं मी पाहिलं आहे. रिपोर्ट पाठवण्याआधी त्यांना सांग. पाठीमागून गेल्यासारखं वाटायला नको. त्यांचं ते वाक्य रिपोर्टमध्ये टाकायची गरज नाही. पण निघायला वीसच मिनिटं होती, हे जरूर टाक.

माझं एक सांगतो. परवाना नवा होता तेव्हाची गोष्ट. रात्री चाक बदलत होतो, मधेच कुणीतरी हाक मारली, परत येऊन काम पुरं केलं. घरी पडल्यावर आठवेना की अ‍ॅक्सल नटचे (चाक धरून ठेवणाऱ्या नटाचे) लॉक बोल्ट बसवले की नाही. फोन केला नाही. रात्रभर तळमळलो. संध्याकाळी विमान परतलं तेव्हा कुणाच्या नकळत हबकॅप उघडून पाहिली. बोल्ट जागच्या जागी होते. मी सुटकेचा श्वास टाकला आणि गप्प राहिलो. बोल्ट बसवलेले नसते तर, याचा विचार आजही नकोसा वाटतो. पण बोल्ट जागेवर सापडूनही मी लिहायला हवं होतं हे कळायला मला फार वर्षं लागली. अर्धवट कामातून माणसाला हाक मारून उठवायची पद्धत त्या हँगरमध्ये पुढेही तशीच चालू राहिली.

तर आज बस आणि लिही: विमानाचा क्रमांक, वेळ, कोणत्या बाजूचा पोर्ट, टेपचा रंग आणि रुंदी, उजेड कसा होता, तुझी नजर तिकडे कशामुळे गेली. हे शेवटचं विसरू नकोस. योगायोगाने गेली असेल तर तसंच लिही. टेप फेकली नसशील तर पाकिटात घालून जोड. रिपोर्टचा क्रमांक टिपून ठेव, आणि तीन आठवड्यांत काही उत्तर आलं नाही तर तो क्रमांक घेऊन सेफ्टीच्या दारात जा.

तुझा,
जुना सहकारी